शेवटच्या शनिवारी कुणासाठी टाळ्या वाजवायच्या? यूएए बास्केटबॉलच्या नवख्या प्रेक्षकांसाठी

हिवाळ्यात शनिवारी सकाळी सहाला सांगलीत बाबांचा चहा झालेला असतो आणि लॅपटॉप उघडलेला असतो. सुरुवात नातीमुळे झाली. माझी भाची इथे पिट्सबर्गला कार्नेगी मेलनमध्ये एमएस करत होती आणि जिममध्ये गुणलेखकांच्या टेबलावर बसून शॉट क्लॉक चालवायची. कॅमेऱ्यात तिची फक्त वेणी दिसायची. बाबा वेणी बघायला बसायचे. दुसऱ्या हिवाळ्यात ते मला फोन करून विचारायला लागले, "अगं, एमोरी आज हरली तर आपल्याला बरं की वाईट?" एमोरी म्हणजे कार्नेगी मेलनचा प्रतिस्पर्धी संघ.

या प्रश्नाचं उत्तर स्वतःचं स्वतः काढता आलं की तुम्ही नवखे राहिला नाहीत. ते कसं काढायचं, हे पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: आपण काय बघतोय ते समजून घ्या

अमेरिकन कॉलेजांच्या खेळांचं नियमन एनसीएए ही संस्था करते आणि त्यात तीन स्तर आहेत. टीव्हीवर दिसतो तो पहिला. आपण बोलतोय तो तिसरा, म्हणजे डिव्हिजन थ्री. यात चारशेच्या वर कॉलेजं आहेत आणि खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. समोर तीन पॉइंटर मारणारी मुलगी आपल्यासारखीच फी भरते आणि सोमवारी तिची मिडटर्म असते.

या स्तराला इथे लोक सरसकट 'स्मॉल कॉलेज' म्हणतात. शब्दावर जाऊ नका. आपसात खेळायला कॉलेजं गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. आपली कॉन्फरन्स म्हणजे यूएए, युनिव्हर्सिटी अ‍ॅथलेटिक असोसिएशन. 1986 मध्ये स्थापन झालेल्या या कॉन्फरन्समध्ये बास्केटबॉलचे आठ संघ आहेत: ब्रँडाइस, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न रिझर्व्ह, शिकागो, एमोरी, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, रॉचेस्टर आणि सेंट लुइसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, जिला सगळे वॉशयू म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये पन्नास हजारांवर विद्यार्थी आहेत, म्हणजे 'स्मॉल' वगैरे काही नाही. शिकागो तर एकेकाळी बिग टेन या मोठ्या खेळाच्या कॉन्फरन्सची संस्थापक सदस्य होती. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची पहिली हाइझमन ट्रॉफी 1935 मध्ये त्यांच्याच जे बर्वँगरने घेतली. 1946 मध्ये त्यांनी बिग टेन सोडली. मोठ्या खेळाचा मोह सोडून आलेल्या विद्यापीठांची ही पंगत आहे.

आपली मुलं मास्टर्सला जातात त्या गावांची यादी काढा. यातली निम्मी नावं तरी त्यात सापडतील. पुण्यातल्या किंवा नाशिकच्या कुठल्या तरी घरातलं पोर जिमपासून दहा मिनिटांवर राहत असतं आणि त्याला पत्ता नसतो की शुक्रवारी संध्याकाळी फुकटात एवढा चांगला खेळ चाललाय. नियमित हंगामात बऱ्याच ठिकाणी तिकीटच नसतं.

दुसरी पायरी: वेळापत्रकाचा सांगाडा पाठ करा

नवखा माणूस आधी गुणतक्ता बघतो. तुम्ही आधी वेळापत्रक बघा.

प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी दोनदा खेळतो, एकदा घरी आणि एकदा बाहेर. म्हणजे कॉन्फरन्सचे चौदा सामने. हे संघ बोस्टनजवळच्या वॉल्थमपासून अटलांटापर्यंत पसरलेले आहेत, त्यामुळे प्रवासासाठी जोड्या लावल्या आहेत: शिकागो–वॉशयू, केस–कार्नेगी मेलन, ब्रँडाइस–न्यूयॉर्क आणि एमोरी–रॉचेस्टर. पहिल्या तीन जोड्या नकाशावर पटतात. चौथीत एक संघ जॉर्जियात आणि दुसरा लेक ओंटारिओच्या काठी. उरलेल्या दोघांचं लग्न लावून दिल्यासारखी ती जोडी आहे.

जानेवारीत पहिला सामना आपल्या जोडीदाराशी होतो. मग सहा शनिवार-रविवार. एक जोडी दुसऱ्या जोडीकडे पाहुणी जाते, शुक्रवारी एकाशी खेळते, शनिवारी पुढच्या गावी जाते आणि रविवारी दुसऱ्याशी खेळते. प्रत्येक ठिकाणी बायकांचा आणि पुरुषांचा असे दोन्ही सामने लागोपाठ होतात. आणि अगदी शेवटच्या शनिवारी पुन्हा जोडीदार. एक, बारा, एक. झाले चौदा.

हे पाठ करायचं कारण असं की शेवटचा सामना कुणाशी आहे हे डिसेंबरातच माहीत असतं. दोन अव्वल संघ एकमेकांचे जोडीदार असतील तर शेवटच्या दिवशी त्यातला एक हरणार, हे ठरलेलं. तिसऱ्या क्रमांकावरचा संघ त्याच आशेवर जगत असतो.

एक सूचना: बर्फ पडला की वेळा बदलतात. रॉचेस्टर आणि क्लीव्हलँडच्या (केसचं गाव) बाजूला तलावावरून येणारा बर्फ काय करतो ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या क्रीडा विभागाचं पान एकदा उघडून बघाच.

तिसरी पायरी: तक्ता डावीकडून नाही, उजवीकडून वाचा

तक्त्यात '9–2' असं लिहिलेलं असतं. नऊ विजय, दोन पराभव. फेब्रुवारीत उजवा आकडा बघायचा. विजय अजून मिळवता येतात. झालेला पराभव मात्र पुसता येत नाही. सगळ्यांचे सामने सारखे झालेले असताना फरक कळत नाही, पण एखादा सामना बर्फामुळे मागे राहिला की डावा आकडा हमखास फसवतो.

एक उदाहरण करून बघू, खऱ्या नावांशिवाय. अकरा सामने झालेत, तीन बाकी आहेत. अ आणि आ जोडीदार आहेत, दोघेही 9–2. इ आहे 8–3 आणि त्याचा जोडीदार ई तळाशी. शेवटच्या आठवड्यात अ आणि आ पाहुणे म्हणून इ आणि ई यांच्याकडे येणार आहेत. वरवर पाहिलं तर इचं काही खरं नाही. आता कागद घ्या. इने शुक्रवारी अला हरवलं, रविवारी आला हरवलं. अ आणि आ यांनी ईला हरवलं असं धरू. रविवारी संध्याकाळी तिघेही 10–3. शेवटच्या शनिवारी अ आणि आ एकमेकांशी खेळतात, म्हणजे एक जण 11–3 होणार आणि दुसरा 10–4. इने ईला हरवलं तर इसुद्धा 11–3.

आता बरोबरी. विजेतेपद वाटून दिलं जातं, पण राष्ट्रीय स्पर्धेचा थेट प्रवेश एकालाच. त्यासाठी पहिला निकष आपसातले सामने. समजा शनिवारी अ जिंकला. इने परवाच अला हरवलंय, पण दोघांचा पहिला सामना जानेवारीत झाला होता. तो इने जिंकला असेल तर मामला तिथेच मिटला. अने जिंकला असेल तर एक-एक, आणि पुढचे निकष उघडायचे. ज्या जानेवारीतल्या शुक्रवारी जिममध्ये चाळीस माणसं होती आणि आपण घरी रजई ओढून झोपलो होतो, तो सामना असा कित्येक आठवड्यांनी उठून बसतो. म्हणून हंगामाच्या शेवटी यूएएच्या मागे लागायचं असेल तर जानेवारीचे निकाल एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आमच्याकडे तो कागद असतो. बाबांकडे डायरी आहे.

चौथी पायरी: आपल्याकडे स्पर्धा नाही, हे विसरू नका

डिव्हिजन थ्रीच्या बहुतेक कॉन्फरन्समध्ये नियमित हंगाम संपला की वरच्या संघांची बाद फेरीची स्पर्धा होते. तिचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत. न्यू इंग्लंडमधली नेस्कॅक हे नामांकित उदाहरण. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, टफ्ट्स, ट्रिनिटी अशी अकरा कॉलेजं. तिथे संघ एकमेकांशी एकदाच खेळतात आणि मग थोड्या दिवसांच्या धामधुमीत सगळं ठरतं. फेब्रुवारीभर रडतखडत चाललेला संघ दोन शनिवार-रविवार पेटला की पार होतो.

यूएएमध्ये ही सोय नाही. चौदा सामन्यांचा तक्ता हाच निकाल. मला स्वतःला हीच पद्धत जास्त न्याय्य वाटते. नेस्कॅकवाल्या एका मैत्रिणीचं म्हणणं, "तुमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यावर निम्मे संघ सुट्टीवर जातात." त्यात तथ्य आहे. पण एक गंमत तिच्या लक्षात येत नाही. सहाव्या क्रमांकावरच्या संघाला गमवायला काहीच नसतं, आणि त्याच्या घरी अव्वल संघ रविवारी दुपारी, दोन दिवसांत दुसरा सामना खेळायला, थकून आलेला असतो. सगळ्यात मोठे धक्के मी तिथे पाहिलेत.

पाचवी पायरी: 'आयत्या बिळावर नागोबा' ओळखायला शिका

इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण हंगामाच्या शेवटी खरी मजा आणि खरा मनस्ताप या पायरीवर आहे.

राष्ट्रीय स्पर्धेत 64 संघ. त्यातल्या चाळीसच्या वर जागा वेगवेगळ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट जातात. उरलेल्या वीसेक जागा सगळ्या देशातल्या बाकीच्या संघांतून भरतात. यूएएमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या संघाचं भवितव्य याच वीसेक जागांत असतं.

2024–25 च्या आधी एक समिती विभागवार क्रमवारी लावून, चर्चा करून नावं ठरवायची. त्या हंगामापासून ही निवड एनपीआय नावाच्या निर्देशांकावर होते. त्याचं गणित संगणकच करतो, पण मर्म चार वाक्यांत सांगता येतं. जिंकलात की हरलात याला किंमत आहे, आणि समोरचा किती तगडा होता याला मोठी किंमत आहे. घर-बाहेर हा फरकही धरला जातो. दुबळ्या संघाला हरवून तुमचा निर्देशांक उलट खाली येत असेल तर, ठरावीक किमान विजय भरल्यानंतर, तो विजय हिशोबातून वगळला जातो. पराभव मात्र एकही वगळला जात नाही.

आयपीएलने लावलेली एक सवय इथे मोडावी लागते. नेट रन रेटसारखं काही इथे नाही. तीस गुणांनी जिंका नाहीतर एका गुणाने, एनपीआयला सारखंच. शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक राखीव मुलांना मैदानात उतरवतो तेव्हा ओरडू नका.

आणखी एक. तुमचा सामना संपला तरी तुमचा आकडा हलत राहतो. नोव्हेंबरात ज्या संघाला हरवलं तो आता टेक्सासमध्ये काय करतोय यावर तुमचा विजय किती मोलाचा ते ठरतं. यूएएचे संघ कॉन्फरन्सबाहेर दहा-अकरा सामने खेळतात. त्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांची यादी काढा आणि फेब्रुवारीत ते जिंकावेत म्हणून देव पाण्यात घालून बसा.

आता नागोबा. समजा ओहायोतल्या एखाद्या कॉन्फरन्समध्ये एक संघ इतका भक्कम आहे की तो हरला तरी निर्देशांकावर आत जाणार. तो आपल्या कॉन्फरन्सची अंतिम फेरी हरला. जिंकणाऱ्या कमकुवत संघाला थेट प्रवेश मिळाला आणि हरलेला भक्कम संघ त्या वीसेक जागांतली एक खाऊन बसला. काठावरच्या शेवटच्या संघाची जागा गेली. त्या संघाने काही केलेलंसुद्धा नसतं, तो घरी कॉफी पीत असतो. इंग्रजीत याला जागाचोर म्हणतात. आमच्या घरात 'नागोबा आला' म्हणतात.

म्हणून यूएएचा हंगाम शनिवारी संपला की काठावरच्या संघाचा चाहता शनिवार-रविवारभर अनोळखी कॉलेजांचे अंतिम सामने बघतो, आणि प्रत्येक ठिकाणी अव्वल संघाचा जयजयकार करतो. दुबळ्याची बाजू घेण्याचा आपला स्वभाव दोन दिवस बासनात बांधून ठेवावा लागतो. बाबांना हे जमत नाही. "ते छोटं कॉलेज आहे गं, जिंकू दे की," म्हणतात, आणि मग नागोबा आला की मलाच बोल लावतात.

डी३हूप्स या संकेतस्थळाची पंचवीस संघांची साप्ताहिक क्रमवारी लोकप्रिय आहे, गप्पांना उत्तम. निवडीशी तिचा संबंध नाही. नवीन माणसं इथे हमखास फसतात: "अठराव्या नंबरवर होतो, मग बाहेर कसे?"

सहावी पायरी: सामना बघायचा कसा

कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या वेळापत्रकात प्रत्येक सामन्यापुढे दोन दुवे असतात, व्हिडिओ आणि लाइव्ह स्टॅट्स. बहुतेक ठिकाणी दोन्ही फुकट. पण दोन्ही एकत्र उघडू नका. आकडे व्हिडिओच्या अर्धा मिनिट पुढे धावतात. एकदा सामना बरोबरीत, सात सेकंद बाकी, मी श्वास रोखून व्हिडिओ बघतेय आणि सांगलीहून फोन: "गेला बघ बॉल आत!" माझ्या स्क्रीनवर अजून टाइमआउट चालला होता.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळेचं गणित: न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, अटलांटा इथली शुक्रवार संध्याकाळची साडेसात म्हणजे शनिवारी सकाळी सहा. शिकागो किंवा सेंट लुइसला सामना असेल तर सात. रविवारी दुपारी बाराचा सामना आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ तासाने पुढे करते, तेव्हा भारतात सगळं एक तास लवकर येतं. गजर बदलायला विसरलात तर पहिला हाफ गेला.

शुक्रवारी बायकांचा सामना आधी होता म्हणून रविवारीही तसंच असेल असं गृहीत धरू नका. मी पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात दर्शन, मग प्रसादाचा पुळियोदरै, असं निवांत करून दोनला जिममध्ये पोचले तर ज्या सामन्यासाठी आले होते तो संपून मुलं खुर्च्या आवरत होती. क्रम उलटा होता आणि पानावर स्पष्ट लिहिलेला होता.

खेळाचे नियम तुम्हाला शाळेपासून माहीत असतील, तरी एक फरक लक्षात ठेवा. पुरुषांचे वीस मिनिटांचे दोन हाफ, बायकांची दहा मिनिटांची चार क्वार्टर. बायकांच्या सामन्यात क्वार्टरमधल्या पाचव्या संघ-फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. पुरुषांच्या सामन्यात हाफमधल्या सातव्या फाउलपासून पहिला आत गेला तर दुसरा मिळतो, आणि दहाव्यापासून सरळ दोन. शेवटच्या मिनिटात मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, घड्याळ थांबवतो आणि समोरचा फ्री थ्रो चुकवेल या आशेवर राहतो. बाबांनी पहिल्यांदा हे पाहून विचारलं होतं, "उघड उघड धरतायत, आणि त्यांना शिक्षा म्हणून सामना लांबतोय?" अगदी बरोबर. फेब्रुवारीतलं शेवटचं एक मिनिट पंधरा मिनिटं चालतं. पोहे तेव्हा फोडणीला टाकू नका.

सातवी पायरी: शेवटच्या शनिवारी जिममध्ये जा

जवळ राहत असाल तर या दिवशी व्हिडिओवर भागवू नका. यजमान संघ बहुधा शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा निरोप घरच्या शेवटच्या सामन्याआधी ठेवतो. एकेकाचं नाव पुकारतात. मुलगी आईबाबांच्या मधून चालत मध्यरेषेपर्यंत येते, आईच्या हातात फुलं, बाबांच्या हातात फोन आणि तो आडवा धरायचा की उभा यात गोंधळ. पुढे काय करणार तेही वाचून दाखवतात: अमुक रुग्णालयात संशोधन, तमुक बँकेत नोकरी. पुढच्या सोमवारनंतर यातल्या बहुतेक जणी स्पर्धात्मक बास्केटबॉल पुन्हा खेळणार नाहीत. मग त्याच मुली दहा मिनिटांनी जोडीदार संघाशी अशा भिडतात की फरशीवर पडलेल्या चेंडूसाठी तिघी लोळतात. बुटांचा चिर्रर्र आवाज तिसऱ्या रांगेत कानात बसतो.

इतिहासही थोडा सोबत न्या, बाकावरच्या गप्पांना उपयोगी पडतो. वॉशयूच्या मुलींनी नॅन्सी फाहींच्या हाताखाली 1998 ते 2001 सलग चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि त्यात सलग 81 विजयांची मालिका होती. न्यूयॉर्कच्या मुलींनी 2024 आणि 2025 अशी दोन्ही वर्षं 31–0 ने संपवली. रॉचेस्टरचे पुरुष 1990 मध्ये विजेते, वॉशयूचे 2008 आणि 2009 मध्ये. 2025 मध्ये न्यूयॉर्कचे पुरुष अंतिम फेरीत पोचले आणि हरले नेमके ट्रिनिटीकडून, म्हणजे नेस्कॅककडून. माझ्या त्या मैत्रिणीने तो विषय अजून सोडलेला नाही.

आठवी पायरी: सोमवार

64 नावं सोमवारी दुपारी जाहीर होतात, भारतात तेव्हा रात्र. तुमचा संघ आत असेल तर लगेच तिकिटं काढू नका, आधी कुठे पाठवलंय ते बघा. पहिल्या दोन फेऱ्या चार-चार संघांच्या गटांत कुठल्या तरी कॉलेजच्याच जिममध्ये होतात. विमानखर्च वाचवायला एनसीएए शक्यतो 500 मैलांच्या आतले, म्हणजे बसने आठशे किलोमीटरपर्यंतचे संघ एकत्र टाकते. म्हणून दोन दमदार शेजारी पहिल्याच शनिवारी एकमेकांसमोर येतात आणि अटलांटाच्या एमोरीला जवळ फारसं कुणी सापडत नाही. या सामन्यांना तिकीट असतं. जिम लहान असेल तर पाहुण्या संघाच्या वाट्याची तिकिटं झटकन संपतात.

गेल्या मार्चमध्ये भाची बे एरियात नोकरीला लागून वर्ष होऊन गेलं होतं. टेबलावर आता दुसराच कुणी मुलगा बसतो, बारीक केस कापलेला. सोमवारी रात्री नावं जाहीर व्हायच्या आधी सांगलीहून फोन आला. बाबांनी डायरी उघडली होती आणि त्यांना ओहायोतल्या एका अंतिम सामन्याचा निकाल हवा होता.